थोरलीचं न्हाण

आमच्या घरात मी आजारी आहे असं कुणी म्हणत नसे. ‘थोरलीला रक्त लागतं’ असं म्हणत, आणि तेही एखाद्याला चष्मा लागतो किंवा चहात साखर जास्त लागते अशा सुरात. दर तीन-चार आठवड्यांनी माझा चेहरा पिवळट पडे, अंगणातून ओट्यावर चढताना धाप लागे, आणि स्वयंपाकघरात पाठमोरी बसलेली आई नुसत्या माझ्या पावलांवरून ओळखे की बीडला जायची वेळ झाली. मग ती चुलीतली लाकडं मागे ओढून उठे आणि पिशवी भरायला घेई. दोन भाकरी, शेंगदाण्याची चटणी, पाण्याची बाटली, पांघरायला जुनी चादर. रक्त थंड असतं. रक्ताची पिशवी संपेपर्यंत दंडापासून खांद्यापर्यंत गारठा चढतो, हे न पाहिलेल्या माणसाला सांगून कळत नाही. अजूनही कळत नाही. गेल्याच महिन्यात शेजारच्या खाटेवरच्या मुलाच्या वडिलांनी मला विचारलं की उन्हाळ्यात स्वेटर कशाला.

आजाराचं नाव थॅलेसेमिया. ते आम्हाला माहीत होतं, पण वापरायची गरज पडत नसे. गाव नांदूरघाटाच्या अलीकडचं, घर दोन खोल्यांचं, वर स्लॅब, पुढे पत्र्याची पडवी. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. रक्ताच्या बदल्यात रक्त द्यावं लागे, म्हणून त्यांनी एकेक करून शाळांच्या केंद्रातले सगळे शिक्षक बीडला नेऊन आणले होते. ‘केंद्राच्या बैठकीत मी दारातून आत गेलो की लोक आधी शर्टाच्या बाह्या खाली करतात,’ असं तेच हसत सांगत. दसऱ्यानंतर वस्तीतली अर्धी घरं कुलपं लावून ऊसतोडीला निघून जात आणि मग गावात आवाज मोजकेच उरत. सकाळी हापशाचा, दुपारी गिरणीचा, संध्याकाळी विहारातल्या वंदनेचा. आईच्या भाकरी थापण्याचा आवाज मात्र बारा महिने होता. त्यावरून मला तिची तब्येत कळे. बरं वाटत असलं की थाप भरभर पडे, कंबर दुखत असली की मध्ये थांबे.

रक्त कमी आहे म्हटल्यावर घरोघर जे करतात ते आईनं केलं. माझ्यासाठी भाजी लोखंडी कढईत होई. सकाळी गूळ-शेंगदाणे, थंडीत हळिवाचा लाडू, येसराच्या आमटीत पालकाची पानं चुरडून. कुणी बाळंतिणीसाठी आणलेल्या लोहाच्या गोळ्या उरल्या की त्या आमच्याकडे येत. आई त्या डब्यात साठवी आणि मला रोज एक देई. माझ्या शरीराला लोहाची कमतरता नव्हती. ते जास्त होतं, आणि बाहेर टाकायची सोय शरीराकडे नसते. हे आम्हाला कुणीतरी सांगितलंही असेल. रांगेत उभ्या असलेल्या माणसाला घाईत सांगितलेल्या गोष्टी गावी पोहोचेपर्यंत टिकत नाहीत.

मी सतरा वर्षांची झाले तेव्हा अकरा वर्षांची दिसत होते. कंडक्टर न विचारता अर्धं तिकीट फाडी. आई आधी खरं वय सांगे, मग त्याच्या चेहऱ्यावरचा अविश्वास पाहून तिनं सांगायचं सोडलं. धाकटी विशाखा माझ्याहून चार वर्षांनी लहान. इतरांच्या घरी थोरलीचे कपडे धाकटीला जातात. आमच्याकडे विशाखाला आखूड झालेले फ्रॉक मला येत. ती वीतभर उंच, अंगानं भरलेली, बोलायला तिखट. मला कॉलेजात जाताना दप्तर जड होई म्हणून ती ते नाक्यापर्यंत आणून देई आणि लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणे, “नीट जा गं बाळ, रस्ता बघून.” तिच्या या थट्टेचा मला त्रास होत नसे. तिच्याशिवाय या विषयावर कुणी थट्टा करत नसे, बाकी सगळे हळू आवाजात बोलत.

हळू आवाजात बोलणाऱ्यांत पहिली आत्या. बाबांची थोरली बहीण, माजलगावकडे दिलेली. आई तिला आक्का म्हणे. नात्यानं ती आईची नणंद आणि आतेबहीणही, कारण बाबांनी मामाचीच मुलगी केलेली होती. आमच्याकडे हे नातं सगळ्यात भरवशाचं मानतात. घर ओळखीचं, माणसं ओळखीची, मुलीला परकं वाटत नाही. त्याच हिशेबानं आत्यानं मला तिच्या राहुलसाठी मी पाळण्यात असताना मागून ठेवलं होतं. राहुल साखर कारखान्यात वायरमनच्या हाताखाली होता. वर्षातून दोनदा आईबरोबर येई, पडवीत बसून रेडिओ दुरुस्त करी आणि माझ्याशी अभ्यासापलीकडे काही बोलत नसे. मी शहाणी झाले की साखरपुडा, असं ठरलेलं होतं. शहाणी होणं म्हणजे पाळी येणं. आत्या आली की पिशवी खाली ठेवायच्या आधी स्वयंपाकघरात जाई.

“अजून न्हाई?”

“होईल की आक्का. रक्त भरतो ना, त्यानं मागं पडलं आसंल.”

“माझं म्हणू नको, लोक इचारतेत. पोरगं बावीस वर्साचं झालं.”

“लोकायला काय काम हाय दुसरं.”

एवढं बोलणं झालं की चहा होई. आत्या वाईट बाई नव्हती. माझ्या रक्तासाठी तिच्या नवऱ्यानं तीनदा माजलगावहून येऊन रक्त दिलेलं होतं. रक्त लागणारी सून करायला ती तयार होती, कारण ‘ते तर सगळ्यांना ठाऊक हाय’. मूल होणार नाही अशी सून करायला ती तयार नव्हती. हा फरक ती लपवत नसे.

त्या वर्षी थंडी संपता संपता विशाखाला पाळी आली. ती तेरा वर्षांची होती. सकाळी शाळेला निघताना तिनं आईला आत बोलावलं, दोघी खोलीत राहिल्या, आणि आई बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. आनंद व्हायला हवा होता. पण घरात थोरली बसलेली असताना धाकटी शहाणी होणं म्हणजे थोरलीत खोट आहे हे गावाला ओरडून सांगणं. आईनं विशाखाला शाळेत पाठवलं नाही. थोड्या वेळानं कपड्यांची बादली घेऊन ती हापशावर गेली. मी पडवीत वही घेऊन बसले होते. हापसा घरासमोरच, त्यामुळं पुढचं सगळं मला दिसलं आणि ऐकूही आलं.

गयाबाई नावाची शेजारीण तिथं घागर भरत होती. तिनं बादलीत पाहिलं. हापसायची थांबली.

“कोणाचं गं शांते?”

आईनं उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. आधी ठरवलेलं होतं असं मला आजही वाटत नाही.

“थोरलीचं.”

“आगं माय! आन् सांगितलं न्हाईस? बया बया, आली एकदाची गाडी!” गयाबाईनं घागर तिथंच सोडली आणि ती वस्तीकडं धावत सुटली. आई बादलीजवळ बसून राहिली. मग तिनं पडवीकडं पाहिलं. मी मान खाली घालून लिहू लागले. काय लिहीत होते ते आठवत नाही.

त्यानंतर काही करायचं उरलं नाही, सगळं आपोआप होत गेलं. मला कोपऱ्यात घोंगडीवर बसवलं. आत्याला फोन गेला. बाबा शाळेतून आले आणि दारातच थांबले.

“हे आपण सोडलंय ना?” ते आईला म्हणाले. “वंदना घेतो आपण. न्हाण, मखर, हे कशाला पुन्हा?”

आईनं त्यांना खरं सांगितलं का, मला कधी कळलं नाही. दुसऱ्या दिवशी आत्या आली आणि तिनं भावाचा प्रश्न निकालात काढला. “तू सोडलंस, म्या न्हाई सोडलं. तू शाळंत जाय.” बाबा शाळेत गेले.

पाचव्या दिवशी हळद लावून आंघोळ झाली. चार काठ्या उभ्या करून वर साडी ताणली, खाली पाट. आत्यानं आणलेलं हिरवं लुगडं मला गुंडाळलं तेव्हा ते माझ्याभोवती इतक्या वेळा फिरलं की बायका हसायला लागल्या.

“पोरगी कुठं हाय यात? नुसतं गाठोडंच दिसतंय.”

“बारीक मिरची तिखट आस्ती, बघा तुमी.”

“वायरमनला लाईट लावून धुंडावी लागंल.”

आत्या सगळ्यात मोठ्यानं हसली. ओटी भरली, गाणी झाली. त्या गाण्यांत नवरा-बायकोच्या काही उघड गोष्टी असतात. त्यातलं काही मला समजलं, पुष्कळसं नाही. विशाखा त्या दिवशी पाणी भरत होती, चहाच्या कपबशा विसळत होती, बायकांच्या मधून वाकत वाकत ताटं फिरवत होती. तिचं पोट दुखत होतं. माझ्या पाटासमोर ती कुंकवाची वाटी ठेवायला आली आणि ओठ न हलवता म्हणाली, “माझं न्हाण खाल्लंस तू.” मग तिनं माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला, जरा जास्त जोरानं. बायकांना ते बहिणीचं प्रेम वाटलं. काही अंशी ते होतंही.

शहाण्या झालेल्या मुलीला घरोघरून गोड येतं. शिरा, मुटके, खारीक-खोबरं, डिंकाचे लाडू. अंग भरावं म्हणून ते तिनं एकटीनं खायचं असतं. आठ-दहा दिवस मी तेच खाल्लं. अंग भरलं नाही. ती सगळी फेरी संपल्यावर, आत्या अजून आमच्याकडे होती तेव्हाच, रक्त भरायची वेळ आली आणि ती आमच्याबरोबर बीडला निघाली. आता माझ्यावर तिचा हक्क होता. एसटीत तिनं मला खिडकीशी बसवलं आणि कंडक्टरला पूर्ण तिकीट मागितलं. “पुरं द्या. सून हाय माझी.” कंडक्टरनं माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं आणि पूर्ण तिकीट दिलं.

दवाखान्यात नव्या डॉक्टरबाई आल्या होत्या. माझ्या उंचीकडे आणि वयाकडे त्यांनी दोनदा पाहिलं. नंतर जे सांगायचं आहे ते या प्रश्नावर उभं आहे, म्हणून तो जसाच्या तसा देते.

“पाळी सुरू झाली का हिची?”

“झाली की!” आत्या म्हणाली. “आत्ताच कार्यक्रम केला. लई मोठा केला.”

डॉक्टरबाईंनी आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली.

“बरं झालं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “मग उंची आता फारशी वाढणार नाही. पण शरीर आपल्या मार्गानं चाललंय.” त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या मुलाला हाक मारली. त्यांनी स्वतः तपासून पाहायला हवं होतं, असं आज म्हणता येईल. पण दारात रांग होती, मी ओढणी आणि स्वेटरमध्ये गुंडाळलेली होते आणि समोर दोन मोठ्या बायका एकच गोष्ट सांगत होत्या. मी आता ज्या वर्तमानपत्रात काम करते तिथं दोन स्वतंत्र सूत्रांनी एकच माहिती दिली की आम्हीही ती छापतो.

उन्हाळ्यात मला तहान लागू लागली. आधी कुणी मनावर घेतलं नाही, ऊन होतंच. मी दुपारभर माठापाशी बसे. रात्री तीनदा-चारदा उठे. बोटं मध्येच आकडत, पेन धरलेला हात पक्ष्याच्या पंजासारखा होई आणि सोडवायला विशाखा लागे. ती एकेक बोट सरळ करी आणि म्हणे, “परीक्षेत काय करशील गं? मला नेशील का संगं, बोटं उघडायला?” वजन कमी झालं. आईच्या भाकरीची थाप मध्येच थांबू लागली, तेव्हा तिची कंबर दुखत नव्हती.

आत्या तारीख ठरवायला आली आणि मला बघून तिनं तोंडावर हात ठेवला. पुन्हा बीड. या वेळी बाबांची प्रशिक्षणाची ड्युटी होती, म्हणून पुन्हा आम्ही तिघीच. रक्त तपासलं. रिपोर्ट घेऊन डॉक्टरबाईंनी आम्हाला आतल्या खोलीत बसवलं, ते आधी कधी झालं नव्हतं. साखर वाढली होती, पुष्कळ. कॅल्शियम कमी होतं. त्यांनी टेबलावरचा कागद घेऊन त्यावर माणसाची आकृती काढली आणि हळूहळू समजावलं. दर पिशवीबरोबर लोह येतं. ते जायला वाट नसते. मग ते यकृतात, हृदयात आणि शरीरातल्या ग्रंथींमध्ये साचत जातं. गळ्यातल्या, पोटातल्या. पोटातल्या ग्रंथीवर ते बसलंय, म्हणून साखर. आता इन्सुलिन टोचावं लागेल, रोज.

“गोड लई खाल्लं हिनं मधी,” आत्या म्हणाली. “न्हाणाचं.”

“त्यानं नाही झालं. त्यानं फक्त लवकर दिसलं.”

“कढई लोखंडाची हाय आमची,” आई म्हणाली.

“कढईचं किरकोळ असतं हो. खरं येतं ते रक्तातून.”

“आन् रक्त न्हाई दिलं तर?”

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी तिथं आहे हे त्यांना बहुधा त्याच वेळी जाणवलं. “तर ही आज इथं बसली नसती.”

“मंग आमी काय करायचं व्हतं?” आईनं विचारलं. भांडणाचा सूर नव्हता. तिला खरंच माहिती हवी होती.

लोह बाहेर काढायचं औषध असतं, ते लहानपणीच सुरू व्हायला हवं होतं, आता सुरू करू, असं त्या म्हणाल्या. मग रिपोर्ट एकत्र करताना त्यांनी एक वाक्य आम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं. “एक चांगलं आहे. मेंदूच्या खाली हरभऱ्याएवढी ग्रंथी असते, उंची वाढायचा आणि पाळी यायचा हुकूम तिथून सुटतो. या मुलींमध्ये बहुतेक वेळा तीच आधी बंद पडते. हिची पाळी येतेय, म्हणजे ती शाबूत आहे. नाहीतर त्याच्याही गोळ्या वेळेवर सुरू कराव्या लागतात. हाडं एकदा मिटली की मग काही करता येत नाही.”

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात बाक होता, त्यावर आत्यानं मला बसवलं आणि पदरानं वारा घातला. ती खुशीत होती. “ऐकलंस ना शांते? मेन चीज धड हाय. सुई काय, टोचता येती. माझ्या सासऱ्याला नव्हती का साखर?” आई उभीच होती. तिची नजर खोलीच्या दाराकडे होती. आत दुसरं कुटुंब जायला निघालं, तशी ती त्यांच्या पुढं होऊन दारात गेली. आत शिरली नाही. उंबऱ्यावरूनच बोलली, त्यामुळं आम्हालाही ऐकू आलं आणि रांगेलाही.

“बाई, तिला पाळी आल्याली न्हाई. कधीच न्हाई आली. म्या खोटं सांगितलं.”

डॉक्टरबाईंच्या हातातलं पेन थांबलं. “मग कार्यक्रम कुणाचा केला?”

“हिचाच. आल्ती धाकटीला.”

रांगेतली एक बाई हसली आणि लगेच गप्प झाली. आत्याचा पदराचा हात थांबला होता. ती उठली नाही, ओरडली नाही. नुसतं म्हणाली, “मंग लुगडं कुणाला नेसवलं म्या?” तिचा प्रश्न मला होता. मी म्हणाले, “मला.”

आम्हाला पुन्हा आत घेतलं. पडद्यामागं माझी तपासणी झाली, ती दोन मिनिटांत संपली आणि पुरेशी होती. हाताचा एक्स-रे काढला. हाडं अजून मिटली नव्हती, म्हणजे थोडा वेळ शिल्लक होता. थोडाच आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि आईवर रागावल्या नाहीत. मी त्या जागी असते तर रागावले असते. गोळ्या अगदी कमी मात्रेनं सुरू करू, हळूहळू वाढवू, उंची थोडी मिळेल, पाळी कदाचित येईल. मूल होईल का, असं आत्यानं विचारलं. “सोपं नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “आणि लग्न कुणाशी ठरवताय?”

“माझ्याच पोराशी. मामाचीच पोरगी हाय.”

“हिचे आई-वडील?”

“ते बी तसलेच. मामा-आत्याचे.”

डॉक्टरबाईंनी मग दुसरा कागद घेतला. आई-बाबा दोघांच्याही रक्तात हा दोष अर्धा-अर्धा आहे, त्यांना स्वतःला काही होत नाही, दोन अर्धे एकत्र आले की होतं. तो दोष बाबांच्या बहिणीतही असू शकतो, तिच्या मुलातही, विशाखातही. साधी रक्ताची तपासणी असते, लग्नाआधी करून घ्या. हे सगळं त्या शांतपणे सांगत होत्या आणि आत्या त्यांच्या तोंडाकडे पाहत होती. तिच्या घराण्याबद्दल असं कुणी कधी बोललं नव्हतं.

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टँडवर आईनं भाकरी सोडली, मला चतकोर दिली, आत्यापुढं अर्धी ठेवली. आत्यानं तुकडा मोडला, चटणीला लावला आणि खाल्ला नाही.

“शांते, झालं ते झालं,” ती म्हणाली. “पोरीचं नशीब. म्या काय बोल लावीत न्हाई. पर माझं पोरगं किती दिस बसवू? तुझी धाकटी विशी हाय की. ती आता शहाणी झालीच हाय म्हणतीस. दोन-चार वर्सं थांबतो आमी. विशी दे मला.”

हे ऐकून मला धक्का बसला असं लिहिता येईल, पण तसं झालं नाही. आत्या तिच्या हिशेबानं उदार होत होती. फसवणूक माफ करून नातं टिकवत होती. आमच्याकडे यापेक्षा मोठं मन कुणी दाखवत नाही, आणि आईलाही ते माहीत होतं. आईनं भाकरीचं फडकं बांधलं. ती आत्याला आयुष्यात कधी उलटून बोलली नव्हती.

“आधी राहुलचं रक्त तपासा, आक्का.”

“काय?”

“त्याचं बी आन् विशीचं बी. दोघायचं चांगलं निघालं तर बोलू.”

“माझ्या पोराला खोट लावतीस?”

“न्हाई. खोट माझ्यातच हाय, सांगितलं ना बाईनं. मपल्यातच हाय. आन् तिच्या बापात.” आईनं माझ्या तोंडाला लागलेली चटणी पदरानं पुसली, मी अकरा वर्षांची असल्यासारखी. “एक झाली एवढी. दुसरी मला झेपायची न्हाई.”

आत्या माजलगावच्या गाडीत बसली. आमच्या गावाकडं तिची पिशवी राहिली होती, ती बाबांनी नंतर पोहोचवली. पाच-सहा वर्षं ती आमच्याकडे आली नाही. राहुलचं लग्न परळीकडच्या एका मुलीशी झालं, आणि त्याआधी त्यानं गुपचूप अंबाजोगाईला जाऊन रक्त तपासून घेतलं होतं, हे त्यानंच मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्याच्यात दोष निघाला होता. विशाखातही निघाला. त्याची बायको निर्दोष आहे, मुलं धडधाकट आहेत. विशाखाचा नवराही तपासून केलेला आहे. न्हाणाबद्दल ती अजून मला टोमणे मारते.

मी उंचीत चार बोटं वाढले. औषधं वाढत गेली. लोह काढायचं औषध, इन्सुलिन, थायरॉइडची गोळी, कॅल्शियम, हाडांसाठी वेगळं, आणि ती हॉर्मोनची. आमच्या आजारात चाळिशी ओलांडणं म्हणजे म्हातारपण, आणि मी ती ओलांडली आहे. म्हातारपणाचा थकवा मला विशीपासून ओळखीचा असल्यामुळं नवं काही वाटत नाही. संध्याकाळी डेस्कवर पानं लागत असताना मी बाजूला होऊन पोटात सुई टोचते आणि परत येऊन मथळा पूर्ण करते. नवीन आलेली मुलं पहिल्या आठवड्यात पाहतात, मग पाहत नाहीत.

हॉर्मोनच्या गोळ्या सुरू झाल्यावर दोन वर्षांनी, मी बीडलाच कॉलेजला असताना, सुट्टीत घरी आले होते तेव्हा पाळी आली. सकाळची वेळ होती. मी आईला आत बोलावलं. तिनं पाहिलं आणि दाराला टेकून उभी राहिली. बाहेर हाक मारायला ती वळली नाही. गोळ्यांनी आणलेली पाळी, गोळ्या थांबवल्या की थांबते, हे डॉक्टरबाईंनी आम्हाला दोघींनाही आधीच सांगून ठेवलं होतं. तिनं विचारलं,

“हे खरं म्हणायचं का गं?”

“माहीत नाही.”

“पोट दुखतंय?”

“दुखतंय.”

“मंग खरंच हाय,” ती म्हणाली, आणि पाणी तापवायला गेली.